अंगठा जुळेना

रेशन दुकानाच्या पडवीत पाय ठेवायला जागा नाही. आषाढाचा पाऊस पत्र्यावर असा कोसळतो आहे की शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत कॅसलरॉकचं नाव येतं, ते आज पटतं आहे. बायांनी घोंगडीच्या खोळी भिंतीशी टेकवल्या आहेत, पुरुषांनी अंगाला प्लॅस्टिकचे कागद गुंडाळले आहेत. सगळेच भिजलेत, पण एक चीज प्रत्येकाने कोरडी राखली आहे. कुणी दुधाच्या रिकाम्या पिशवीतून, कुणी डब्यातून, कुणी पोलक्याच्या आतून ती काढतं. रेशन कार्ड आणि आधारची घड्या पडलेली प्रत.

आत टेबलावर लॅपटॉप आहे, शेजारी तांबडा उजेड फेकणारी बोटाची डबी, मागे तांदळाची पोती आणि काटा. दुकानदाराने आपला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगला आहे. रेंज तिथेच येते म्हणून. त्या फोनवरून नेट लॅपटॉपला मिळतं आणि लॅपटॉपवरून माणसाचं बोट दूरच्या यंत्राकडे जातं. आधारची माहिती साठवणारी केंद्रं बेंगळुरूला आणि मानेसरला आहेत. बोट कॅसलरॉकला टेकतं आणि ते कुणाचं आहे याचं उत्तर तिकडून येतं.

“सर्व्हर इल्ल री,” दुकानदार रांगेला कन्नडमध्ये सांगतो आणि लगेच मराठीत, “जरा थांबा. येतंय.”

रांग थांबते. एक म्हातारे गृहस्थ आपलं कार्ड माझ्यापुढे धरतात. “ह्याच्यावर काय लिवलंय बघा जरा.” कार्ड कन्नड आणि इंग्रजीत आहे, त्यांना अक्षर येतं ते मराठी शाळेचं. मी नाव वाचतो. आडनावाचं एक अक्षर बदललेलं आहे. जन्मतारीख 1 जानेवारी. मग त्यांच्या मागच्या बाई कार्ड पुढे करतात. तिथेही 1 जानेवारी. तिसऱ्या कार्डावरही तीच. नोंदणीच्या वेळी ज्याला फक्त साल किंवा अंदाजे वय सांगता आलं, त्याला यंत्रणेने 1 जानेवारी दिली. यांचे खरे जन्म पेरणीच्या आगेमागे, शिमग्याच्या आदल्या रात्री, गुरं रानात हरवली त्या साली झालेले आहेत. यांतल्या काहींची गावं आज सुपा धरणाच्या पाण्याखाली आहेत. 1970 आणि 80 च्या दशकांत काळी नदीवर ते धरण उभं राहिलं, जुनं सुपा गाव बुडालं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं आणि विस्थापितांची वस्ती रामनगरला बसली. बुडालेल्या गावाचा दाखला मागणाऱ्या खिडकीसमोर ही माणसं आयुष्यभर उभी राहत आली आहेत. आधारने त्यांना पहिल्यांदा असा कागद दिला, ज्यासाठी गाव शाबूत असण्याची अट नव्हती. ते उपकार ही माणसं विसरत नाहीत, आणि ते विसरून या विषयावर लिहूही नये.

सर्व्हर येतो. रांग सरकते. बोट, तांबडा उजेड, हिरवी खूण, तांदूळ. पुन्हा बोट. आता एक आज्जी टेबलापाशी आहेत. रानातल्या गवळीवाड्यावरून, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातली वाट चालून त्या आल्या आहेत. सोबत नात आहे, दहा-अकरा वर्षांची. आज्जी अंगठा ठेवतात. उत्तर येतं, ‘नाही’.

“आज्जी, बोट फडक्यानं पुसा बघू.”

आज्जी पदराने पुसतात. नाही. तर्जनी, नाही. डावा हात, नाही. दुकानदार स्वतः उठून त्यांचं बोट हातात धरतो, डबीवर हलकेच दाबतो. नाही. दहाही बोटं होतात.

“काय म्हनतंय ते?”

“जुळत नाही म्हणतंय, आज्जी.”

“तू मला वळखतोस न्हवं?”

“ओळखतो की. लहानपणापासनं ओळखतो.”

“मग सांग की त्याला.”

पडवीत कुणी हसत नाही. दुकानदार खाली बघतो. त्याला सांगता येत नाही, कारण तशी सोयच त्या पडद्यावर नाही.

मी त्यांचे हात बघतो. तळवे गुळगुळीत आहेत, बोटांच्या पेरांवर रेषा जवळजवळ उरलेल्या नाहीत. 1990 च्या दशकात घाटातला मीटरगेज रूळ काढून ब्रॉडगेज टाकला गेला, तेव्हा आज्जी खडी वाहायला होत्या. त्याआधी आणि नंतर दूध, शेण, कोयता, सरपण. ज्या रुळावरून अमरावती एक्स्प्रेस वास्कोला जाते, त्या रुळाखालच्या खडीत यांच्या बोटांच्या रेषा गेलेल्या आहेत. ठसा म्हणजे तोच मनुष्य, असं यंत्र मानतं. ठसा झिजवतं ते काम, आणि सगळ्यात जास्त काम केलेल्या माणसालाच हे यंत्र सगळ्यात आधी नाकारतं.

भविष्याचं भय दाखवणाऱ्या कादंबऱ्या या पडवीत आठवल्यावाचून राहत नाहीत. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने 1920-21 मध्ये ‘वुई’ लिहिली. तिच्यातल्या माणसांना नावं नाहीत, डी-503, ओ-90 असे क्रमांक आहेत, आणि घरं काचेची आहेत. ती आधी छापून आली परदेशात, 1924 मध्ये, इंग्रजी भाषांतरात. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलने तिच्यावर लिहिलं आणि 1949 मध्ये त्याची ‘नाइन्टीन एटी-फोर’ आली. तिच्यातल्या विन्स्टन स्मिथला भिंतीवरचा पडदा 6079 या आकड्याने हाक मारतो. 1971 च्या जॉर्ज लुकासच्या चित्रपटात तर नायकाचं आणि चित्रपटाचं नाव एकच आहे, टीएचएक्स 1138. या सगळ्या कथांत सत्तेला माणूस फार दिसतो. तो कुठे जातो, काय बोलतो, कुणावर प्रेम करतो, सगळं दिसतं. कॅसलरॉकच्या टेबलापाशी मात्र त्याच्या उलट घडतं आहे. अख्ख्या गावाला दिसणारी बाई सत्तेला दिसत नाही.

“ओटीपी मागवूया,” दुकानदार म्हणतो. आज्जींच्या आधारला मुलाचा फोन जोडलेला आहे. मुलगा गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात आहे. जोयडा तालुक्यातली निम्मीअधिक तरुण पोरं घाट उतरून गोव्यात कामाला जातात असं इथे कुणालाही विचारलं तरी सांगतील. पाळी चालू असताना फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो. नात शेजारच्याच्या फोनवरून बापाला लावत राहते. घंटी वाजते, कुणी उचलत नाही. तिकडे कपाटात अंक येऊन पडले असतील आणि काही मिनिटांत बादही झाले असतील.

आज्जी बाजूच्या बाकावर बसतात. खाली स्टेशनाकडून मालगाडीचा हुंदका वर येतो. कोळशाची गाडी घाट चढून आली आहे, मागे ढकलणारी इंजिनं लावलेली. बाकावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक मामा आहेत, ऐंशीच्या घरातले. ते त्या आवाजाकडे मान वळवतात आणि मला विचारतात, “पावणं, हितं बॉर्डर होती हे ठाऊक हाय न्हवं?”

ठाऊक आहे, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगावच्या बंदरापासून घाट चढत हा रेल्वेमार्ग आला आणि कॅसलरॉकला ब्रिटिश हद्दीतल्या रुळाला मिळाला. इकडे ब्रिटिशांचं कस्टम, घाटाखाली कुळ्याला पोर्तुगीजांचं. मामांचे वडील इथेच रेल्वेच्या गँगमध्ये होते. गाडी थांबायची, ट्रंका उघडल्या जायच्या, कापड, तंबाखू, दारू बघितली जायची, कागद बघितले जायचे. 1946 च्या सप्टेंबरात राममनोहर लोहियांना पोर्तुगीजांनी पकडलं ते कुळे स्टेशनावरच. 1955 मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि ही गाडी बंद पडली. 19 डिसेंबर 1961 नंतर ती सरहद्दच उरली नाही.

“तवा तपासणी एकदा व्हायची,” मामा म्हणतात. “गाडी सुटली की मानूस मोकळा. आता बघा. तांदूळ न्यायला तपासणी, पगार काढायला तपासणी, सिमकार्डाला तपासणी. बाया फुकट बसनं जाणार, तर कंडक्टरला कार्ड दाखवायचं.”

मामांनी जे सांगितलं ते मी मनाशी पुरं करतो. ती सरहद्द एका जागी होती. तिच्यावर फलक होता, शिपाई होता, त्याच्याशी वाद घालता येत होता. आजची सरहद्द माणूस बोटावर घेऊन हिंडतो आणि ती कुठे आडवी येईल हे त्याला आधी कळत नाही. आडवी आलीच तर तिथे वाद घालायला कुणी नसतं. दुकानदार भला माणूस आहे, पण नाही म्हणणारा तो नाही, आणि जे यंत्र नाही म्हणतं त्याला कान नाहीत.

ठशांचा इतिहास या भागाला परका नाही. 1858 मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. कंत्राट रस्त्याच्या खडीचं होतं. सरकारी कामात ठसा वापरल्याचा तो आरंभ मानतात. त्यानंतर ज्यांच्यावर सत्तेचा विश्वास नव्हता त्यांच्याकडून ठसे मागितले गेले. गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 चा. 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यात पसरला आणि कारवार जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची नोंदवही, बोटांचे ठसे, रोजची हजेरी, हद्द सोडायला परवाना. सोलापुरात, हुबळीत त्यांच्या सेटलमेंट होत्या. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला. पारधी, कैकाडी, उचल्या यांच्या मराठी आत्मकथनांतून ती हजेरी आपल्यापर्यंत पोचली आहे. झाम्यातिनने कल्पनेने लिहिलं ते इथल्या माणसांनी अंगावर काढलं होतं.

आणि गांधींचा पहिला सत्याग्रहही नोंदणीचाच. ट्रान्सवालच्या सरकारने 1906 मध्ये प्रत्येक हिंदी माणसाने बोटांचे ठसे देऊन नाव नोंदवावं आणि दाखला जवळ बाळगावा असा हुकूम काढला. 16 ऑगस्ट 1908 ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखले कढईत घालून जाळले गेले. त्याच वर्षी आधी, तडजोड झाली तेव्हा, गांधींनी स्वतः आपखुशीने ठसे दिले होते. त्यांचं भांडण शाईशी नव्हतं. माणसाला आधी संशयित धरायचं आणि मग त्याने रोज आपण निर्दोष असल्याचं दाखवत फिरायचं, या व्यवस्थेशी होतं.

रांग पुढे सरकते आहे. आज्जी बाकावरच. नात पुन्हा फोन लावते. कुणी तरी आज्जींना चहा आणून देतं.

आधारचं पहिलं कार्ड महाराष्ट्रात दिलं गेलं. 29 सप्टेंबर 2010, नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली गाव, रंजना सोनवणे या आदिवासी बाई. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. ज्याला कुणी ओळखत नाही त्या गरिबाला ओळख देणं, हा त्या दिवशीचा शब्द होता. आज 130 कोटींहून अधिक लोकांजवळ हा बारा आकडी क्रमांक आहे. त्याचा शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणजे लिहिताना एखादा आकडा चुकला तर यंत्र लगेच पकडतं. आकड्याची चूक पकडण्याची इतकी काळजी घेतलेली आहे. माणसाच्या वाट्याला आलेली चूक पकडण्याची तेवढी काळजी कुठे दिसत नाही. 2018 मध्ये आधार चालवणाऱ्या प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयापुढेच सांगितलं होतं की सरकारी सेवांत पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण सुमारे 88 टक्के आहे. फसलेली प्रत्येक पडताळणी म्हणजे उपाशी घर असं नाही. कुणाचं दुसऱ्या बोटाने जमतं, कुणाचं दुसऱ्या दिवशी. पण जंगलातून चालत आलेल्या बाईचा दुसरा दिवस म्हणजे आणखी एक बुडालेला रोज आणि तीच वाट.

याच उत्तर कन्नड जिल्ह्यात, गोकर्णजवळ, जुलै 2017 मध्ये एका दलित घरातले तीन भाऊ काही दिवसांच्या अंतराने मेले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या कार्यकर्त्यांनी चौकशी करून सांगितलं की आधार जोडलेलं नसल्याने त्या घराचं रेशन काही महिने बंद होतं. सरकारने भूकबळी नाकारले, दारू आणि आजार ही कारणं दिली. दोनच महिन्यांनी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची मुलगी गेली. तिच्या घरचं रेशन कार्ड आधार जोडलेलं नाही म्हणून रद्द झालं होतं आणि आई सांगत होती की पोर भात मागत गेली. तिथेही सरकारने कारण आजाराचंच दिलं. कारणांवर वाद चालू राहतील. घरात धान्य येणं थांबलं होतं, यावर वाद नाही.

या लढाईतलं सगळ्यात मोठं नावही कर्नाटकातलंच. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी 2012 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या खटल्यात 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. 26 सप्टेंबर 2018 ला पाच जणांच्या पीठाने चार विरुद्ध एक मताने आधारचा कायदा टिकवला, खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करण्याची वाट बंद केली आणि सरकारी लाभांसाठीची अट कायम ठेवली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळं मत लिहिलं. माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क यंत्राच्या गणितावर, शक्यतांवर अवलंबून ठेवता येणार नाहीत, असं त्यांनी त्यात बजावलं. पण कायदा टिकवणाऱ्या बहुमतानेही पडताळणी फसली म्हणून कुणाचा लाभ जाऊ नये हेच धरलं होतं. त्याआधी, ऑक्टोबर 2017 मध्ये, प्राधिकरणाने परिपत्रक काढलं होतं. बोट जुळलं नाही, नेट नसलं, तरी धान्य द्यावं, वहीत नोंद करावी.

हे मी दुकानदाराला सांगायला उठतो, पण माझ्या आधी रांगेतली एक बाई बोलते. अंगणवाडीत काम करते, असं पुढे कळतं. “अण्णा, वही काढा की. बोट लागलं नाही तर वहीत लिहून द्यायचं असतंय.”

“ताई, मला वर जाब विचारतात. कोण म्हणालं असं लिहून घ्यायला, म्हणून.”

“विचारू देत. आम्ही आहोत की इतकी माणसं.”

दुकानदार फोनकडे बघतो. वरच्या साहेबांना विचारायचं तर रेंज पुन्हा गेली आहे. तो घटकाभर विचार करतो. मग खालच्या खणातून वही काढतो, तारीख घालतो, कार्डाचा क्रमांक उतरवतो. “साक्षीदार लागतील.” अंगणवाडीच्या ताई सही करतात. मामा थरथरत्या हाताने मराठीत सही करतात. तिसरी सही एक कन्नड शिक्षक करतात. वही आज्जींपुढे येते. दुकानदार शाईचा पॅड उघडतो आणि आज्जी त्यावर अंगठा टेकवून कागदावर उमटवतात.

तो ठसा पुसट आहे. डबीने नाकारलेलाच तो अंगठा. कागदावर तो चालतो, कारण त्याच्या शेजारी तीन माणसांनी आपली नावं लिहिली आहेत.

काट्यावर तांदूळ पडतो. नात पिशवीचं तोंड धरते. आज्जी दुकानदाराला म्हणतात, “पुढच्या म्हयन्यालाबी हीच वही काढ बाबा. माजी बोटं काय परत येनार न्हाईत.” रांगेतली दोन-तीन म्हातारी माणसं लगेच पुढे सरकून तेच विचारतात, आमचंही वहीत होईल का. दुकानदार मान हलवतो, पण ती होकाराची आहे की नाही हे त्यालाही ठरवता येत नसावं. आजचा तांदूळ मिळाला तो एका बाईने आवाज चढवला म्हणून. पुढच्या महिन्यात ती रांगेत नसली तर?

हा प्रश्न अंगणवाडीच्या ताईंच्या हजेरीवर सोडता येणार नाही. ती वही खणात नको, टेबलावर हवी. ती कधी उघडायची हे भिंतीवर कन्नड, मराठी, कोंकणीत लिहिलेलं हवं. वही उघडणाऱ्या दुकानदाराला जाब विचारला जाऊ नये. जाब विचारायचा तो बोट जुळलं नाही म्हणून माणसाला रिकाम्या पिशवीने परत पाठवणाऱ्याला. बारा आकडी क्रमांकाने गरिबाला ओळख दिली असेल, तर तो क्रमांक चुकेल त्या दिवशी गावाची साक्ष त्याच्या वर धरली पाहिजे. कादंबरीतल्या क्रमांकांच्या राज्यात एक माणूस दुसऱ्या माणसासाठी असा उभा राहू शकत नाही, आणि म्हणूनच ते राज्य भयंकर आहे. कॅसलरॉकला आज तिघं उभे राहिले. तसं उभं राहण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक रांगेला द्यायला हवा.